लहान बोर, मोठं जनावर : शिकारी पुस्तकांतला एक अर्धवट वाचलेला वाद

शिकारीच्या जुन्या पुस्तकांवर चार माणसं बोलायला बसली की एक वाक्य हमखास येतं. ‘बेलने .२७५ने शेकड्यांनी हत्ती लोळवले, कॉर्बेटने त्याच .२७५ने नरभक्षक मारले, मग राजेरजवाड्यांनी त्या तोफांसारख्या रायफली कशाला बाळगल्या?’ वाक्य ऐकायला झकास आहे. संस्थानी शिकारीची जाता जाता टिंगलही होते. पण ज्या पुस्तकांच्या जोरावर हे म्हटलं जातं, ती पुस्तकं तसं सांगतच नाहीत. बेल काय म्हणतो ते अर्धंच वाचलं गेलंय, कॉर्बेटच्या हातात कुठल्या वेळी कुठली रायफल होती हे कुणी लक्षात ठेवलेलं नाही, आणि या दोघांच्या मधे बसणारं एक तिसरं पुस्तक तर आपल्याकडे फारसं कुणी उघडतच नाही.

त्या पुस्तकांचाच इथे विचार करायचा आहे. वॉल्टर बेलचं ‘द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’ (१९२३), सर आल्फ्रेड पीझचं ‘द बुक ऑफ द लायन’ (१९१३) आणि जिम कॉर्बेटचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४). जोडीला कॉर्बेटचंच रुद्रप्रयागच्या बिबळ्यावरचं पुस्तक (१९४८). ग्वाल्हेरच्या इतिहासात रस असणाऱ्याने आफ्रिकेतल्या हत्तींची पुस्तकं का वाचावीत, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. आपल्याकडे शिकार हा दरबाराच्या कारभाराचा भाग होता. माधवराव शिंद्यांनी स्वतः वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. शिवपुरीच्या जंगलात तलावाकाठचं शूटिंग बॉक्स अजून उभं आहे. १९११च्या बादशाही दौऱ्यासाठी बांधलेला जॉर्ज कॅसलही आहे. आणि लश्करातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर अजून जी मुंडकी लटकताना दिसतात, त्यांच्यामागे कुठली गोळी होती हा इतिहासाचाच प्रश्न आहे. उत्तर या परक्या पुस्तकांच्या मदतीनेच लागतं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. मराठीत आपण ‘गोळी’ म्हणतो तेव्हा अख्खं काडतूसही म्हणतो आणि नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडाही म्हणतो. ‘गोळ्या संपल्या’ म्हणजे काडतुसं संपली. ‘गोळी लागली’ म्हणजे तो तुकडा लागला. बोलताना अडत नाही, पण दारूगोळ्याची निवड हा विषय असला की अडतं. ‘बोर’चं तर आणखीच. घरोघरची बाराबोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत बसेल ती बंदूक. तिथे आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. चारबोर बाराबोरीपेक्षा कितीतरी जाड. रायफलीचा आकडा मात्र इंचाचा. .५०० म्हणजे अर्धा इंच, .२७५ म्हणजे पाव इंचाहून थोडी जास्त, मिलिमीटरमध्ये सात. दोन्हीकडे आपण ‘बोर’ म्हणून मोकळे होतो. या आकड्यातून भोकाचं माप कळतं. त्या भोकातून काय सुटणार, ते किती जड असणार, कशाचं बनलेलं असणार, हे त्यातून अजिबात कळत नाही. आणि जनावर मरतं किंवा जखमी होऊन पळतं ते या न कळलेल्या गोष्टींवरच.

बेलचं पुस्तक वाचताना पहिल्यांदा नजरेत भरतात त्याची चित्रं. माणूस चांगला चित्रकार होता. हत्तीचं डोकं त्याने बाजूने, समोरून, मागून रेखाटलंय आणि आत मेंदू कुठे दडलेला असतो ते दाखवलंय. हत्तीचं डोकं प्रचंड असलं तरी बरीचशी कवटी मधाच्या पोळ्यासारखी पोकळ हाडांची असते, आणि मेंदू त्या मानाने लहान व बराच मागे. एका हत्तीची कवटी त्याने करवतीने उभी चिरून आतली रचना पाहिली होती, असं सांगतात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच मेंदूचा नेम आणि मग धडाचा नेम यांवर तो लिहितो. रायफली आणि दारूगोळा यांचा नंबर शेवटी लागतो. हा क्रम बोलका आहे. शरीर आधी, हत्यार नंतर. ज्यांनी बेलचा एवढाच निष्कर्ष उचलला की लहान रायफल पुरते, त्यांनी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचलं आणि पहिली सोडून दिली असं म्हणायला हरकत नाही.

बेल त्या रायफलीतून कुठली गोळी मारत असे? सात मिलिमीटरच्या जर्मन बनावटीच्या काडतुसातली १७३ ग्रेन वजनाची, पूर्ण कवच असलेली, गोल डोक्याची लांब गोळी. एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन, तेव्हा ही गोळी अकरा ग्रॅमच्या आसपास. अशा गोळीला शिकारी ‘सॉलिड’ म्हणतात. ती जनावराच्या अंगात फुलत नाही, पसरत नाही, सरळ घुसत जाते. आता तिच्याशेजारी .५७७ नायट्रो एक्सप्रेस ठेवा, हत्तींसाठी प्रसिद्ध असलेली दुनळी. तिची गोळी ७५० ग्रेनची, जवळजवळ पन्नास ग्रॅम. नळीतून बाहेर पडताना तिचा जोर ७,००० फूट-पौंड, तर बेलच्या गोळीचा २,०००च्या घरात. साडेतीनपट फरक. इथवर मोठ्या रायफलीवाल्यांचा विजय आहे.

पण घुसण्याची ताकद नुसत्या जोरावर ठरत नाही. गोळीच्या जाडीच्या मानाने तिचं वजन किती, यावर बरंच अवलंबून असतं. बंदूकवाले गोळीचं पौंडातलं वजन घेऊन तिच्या इंचातल्या जाडीच्या वर्गाने भागतात. ते गणित केलं तर बेलच्या बारीक गोळीचा आकडा ०.३१च्या आसपास येतो आणि त्या अवाढव्य .५७७चाही ०.३१च्याच आसपास. म्हणजे हाडांच्या त्या पोळ्यातून आरपार जाण्याच्या बाबतीत ही बारीक लांब गोळी तोफेच्या पंगतीला बसते. सुई आणि खिळा, दोघंही सरळ जातात; खिळ्याचं भोक मोठं असतं इतकंच. मेंदूत जायचं असेल तर भोकाच्या आकाराने काही बिघडत नाही. हत्ती जागच्या जागी गुडघ्यांवर बसतो. आणि मेंदू चुकला तर? बेलचं म्हणणं असं की मग मोठ्या गोळीनेही काम होत नाही.

इथे तो बरोबर होता का? स्वतःपुरता, बहुतेक हो. स्वतःच्या हिशेबाने त्याने हजाराहून थोडे जास्त हत्ती मारले आणि त्यातले बहुसंख्य सात मिलिमीटरने. आज हा आकडा वाचताना पोटात कालवतं, ते कालवू द्यावं. हस्तिदंताचा तो धंदा होता आणि बेल ते लपवत नाही. पण त्या आकड्यामागे जो माणूस आहे तो वाचकाने विसरू नये. दिवसाला कित्येक मैल हत्तींच्या मागावर चालणारा, रिकामी रायफल खांद्याला लावून सतत सराव करणारा, .३१८ची काडतुसं पडून होती म्हणून उडत्या पाणकावळ्यांवर रायफलीने नेम धरणारा. शिवाय त्याची निवड सोयीचीही होती. हलकी रायफल दिवसभर स्वतःच्या हातात राहते, नोकराच्या खांद्यावर नाही. .२५६ आणि .३१८ त्याने वापरून पाहिल्या. पण भरवशाचं काडतूस त्याला सात मिलिमीटरचंच मिळालं. चाप ओढल्यावर बार झालाच पाहिजे, रिकामी पितळी नळकांडी अडकता कामा नये, ही त्याची खरी कसोटी होती. हे सगळं अगदी कारकुनी कारण वाटतं, म्हणून सांगीवांगीत ते गळून जातं आणि उरतं फक्त ‘.२७५ने हजार हत्ती’.

बेलच्या पुस्तकाचा दोष माझ्या मते त्याच्या थंडपणात आहे. तो चुकलेल्या बारांबद्दल फारसं बोलत नाही. जखमी होऊन गवतात शिरलेल्या हत्तीचं पुढे काय झालं, तो कुणाच्या शेतात गेला, हे त्याच्या चौकटीबाहेर राहतं. वाचगलेल्या निष्णात माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे हे. त्याच्यावर विसंबून .२७५ घेऊन हत्तीसमोर गेलेले आणि परत न आलेले पुस्तकं लिहीत नाहीत. पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५च्या खालच्या रायफली कायद्यानेच बंद केल्या, ते बेल खोटा होता म्हणून नव्हे. सगळे बेल नसतात म्हणून.

आता हत्तीवरून वाघसिंहाकडे यायचं, तर मधे एक हिंदुस्थानी वळण घ्यावं लागतं. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रजी फौजेकडे नव्या .३०३ रायफली होत्या, पूर्ण कवचाच्या गोळ्यांच्या. सैनिकांची तक्रार आली की गोळी आरपार जाते आणि अंगावर येणारा माणूस थांबत नाही. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली गोळीच्या टोकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. अंगात शिरताच ती फुलते. १८९९ला हेगच्या परिषदेत लढाईत अशा गोळ्या वापरायला बंदी झाली. शिकाऱ्यांना ती बंदी नव्हती. त्यांनी ही युक्ती लगेच उचलली, कारण वाघ, बिबळ्या, सिंह, हरीण यांची कातडी पातळ आणि हाडं हत्तीच्या मानाने हलकी. त्यांच्यावर सॉलिड मारली तर ती बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते आणि जनावर पुढे कित्येक तास जिवंत राहू शकतं. म्हणून बेलचा धडा जसाच्या तसा वाघाला लावणं म्हणजे घोटाळाच. हत्तीला जी गोळी योग्य तीच वाघाला अयोग्य, बोर तेच असलं तरी.

मग वाघसिंहाला फुलणारी गोळी दिली की प्रश्न मिटला का? नाही, आणि ते सांगायला पीझचं पुस्तक हवं. पीझ ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, आजच्या केनियात, अथी नदीकडच्या मुलखात राहत होता आणि पाहुण्यांना सिंहाच्या शिकारीला नेई. १९११च्या सुरुवातीला त्याच्याकडे जॉर्ज ग्रे आला. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याचा हा भाऊ. त्याच्याकडे .२८० रॉस रायफल होती, त्या काळातली अगदी नवी आणि फॅशनमधली गोष्ट. गोळी १४५ ग्रेनच्या आसपास, वेग सेकंदाला ३,००० फुटांच्या घरात. घोड्यावरून सिंहाचा पाठलाग करताना ग्रेने घोडा फार जवळ नेला, सिंह उलटला. ग्रेने गोळ्या झाडल्या, त्या लागल्याही, पण सिंह थांबला नाही. त्याने ग्रेला फाडलं आणि काही दिवसांनी नैरोबीत ग्रे गेला. (या घराण्याच्या नशिबी काय होतं कोण जाणे, दुसरा भाऊ चार्ल्स १९२८ला आफ्रिकेतच रानरेड्याने मारला.)

बेलची रायफल आणि ग्रेची रायफल यांच्या नळ्यांत तसा नखाएवढाही फरक नाही. दोन्ही सात मिलिमीटरच्या जवळपास. कागदावर ग्रेची रायफल जास्त वेगवान, जास्त जोरदार. फरक होता तो गोळीत. हलकी, फार वेगवान आणि पटकन फुलणारी गोळी थोड्या अंतरावर, जवळून, सिंहाच्या जाड स्नायूंवर आदळते तेव्हा ती वरच्यावरच फुटून विखुरते. आत फुप्फुसापर्यंत, मणक्यापर्यंत पोचायला काही उरत नाही. दूरच्या हरणावर हीच गोळी चोख काम करते. नंतरच्या बंदूकलेखकांनी सगळं खापर रॉसच्या काडतुसावर फोडलं, ते जरा जास्त झालं. सिंहाच्या इतक्या जवळ घोडा नेणं हीच पहिली चूक होती. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्याचा फायदा असा की लहान बोर चालतं की नाही हा प्रश्नच चुकीचा होता हे उघड होतं. एकाच बोरच्या एका गोळीने हत्ती पडले आणि दुसरीने सिंह थांबला नाही.

एक गोष्ट पीझच्या बाजूने नोंदवायला हवी. त्याच्या हकिकतीत चुकीची किंमत चूक करणाऱ्यानेच मोजली. रायफल निवडणारा, चाप ओढणारा आणि मरणारा एकच. शिकारी वाङ्मयात हे दिसतं त्यापेक्षा दुर्मीळ आहे.

कॉर्बेट वेगळा आहे तो इथे. त्याची .२७५ प्रसिद्ध आहे हे खरं. १९०७ला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट याने ती रिग्बी रायफल त्याला भेट दिली. दस्त्यावर तसा चांदीचा पत्राही आहे. म्हणजे चंपावतची वाघीण या रायफलीने मारलेली नाही, ही रायफल त्या वाघिणीमुळे मिळाली. हा एवढा साधा क्रमसुद्धा गप्पांमध्ये उलटा होतो. चंपावतला त्याच्या हातात .५००ची जुनी एक्सप्रेस होती, काळ्या दारूच्या जमान्यातली, नरम केलेल्या कॉर्डाइटवर चालणारी. आणि बरोबर काडतुसं किती? तीन. तिन्ही संपल्यावर जखमी वाघीण समोर असताना तो धावत गेला आणि तहसीलदाराची बंदूक मागून घेतली. तिची नळी आणि मागचा भाग यांच्यात फट पडलेली. ती प्रकरणं लिहिताना कॉर्बेट नेहमीसारखाच शांत आहे, पण मोठ्या बोरने सगळं सुरळीत होतं असं मानणाऱ्यांनी ती तीन काडतुसं आठवावीत.

मोठ्या जनावरासाठी त्याच्याकडे पुढे .४५०/४०० दुनळी असे, ४०० ग्रेनच्या गोळीची. म्हणजे बेलच्या रायफलीच्या साधारण दुप्पट जोराची. .२७५ने त्याने रुद्रप्रयागचा बिबळ्या मारला, मे १९२६ला, गुलाबराईच्या आंब्यावर बसून, रात्री, विजेरीच्या उजेडात. सरकारी हिशेबाने १२५ माणसं खाल्लेलं ते जनावर होतं, पण होता बिबळ्या; वाघाच्या मानाने लहान आणि पातळ. तिथे .२७५ची सॉफ्ट-नोज गोळी अगदी जागची. चौगढच्या वाघिणीची गोष्ट तर मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त उपयोगी वाटते. कॉर्बेटच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती, उजव्या हातात हलकी रायफल. वळून पाहिलं तर वाघीण काही फुटांवर. एकाच हाताने रायफल सावकाश फिरवून त्याने बार काढला. नंतर स्वतःच हिशेब मांडताना तो ज्या गोष्टी आपल्या बाजूने होत्या म्हणतो, त्यात रायफल हलकी होती ही एक आहे. हलकी हे महत्त्वाचं. लहान बोरची म्हणून नव्हे, एका हाताने फिरवता आली म्हणून. लहान बोरचा हा खरा फायदा बेलनेही सांगितलाय आणि कॉर्बेटनेही: रायफल हातात राहते, खांद्याला धक्का बसत नाही, माणूस डोळे मिटून चाप ओढत नाही. मारण्याच्या ताकदीबद्दल दोघांपैकी कुणीच चमत्कार सांगितलेला नाही.

पण कॉर्बेटच्या पुस्तकाचं मोल रायफलींच्या तपशिलात नाही. तो तर तपशील देताना कंजूषच आहे; गोळी किती ग्रेनची, कुठल्या बनावटीची, हे क्वचित सांगतो. त्याचं मोल चंपावतच्या वाघिणीच्या जबड्यात आहे. ती मेल्यावर त्याने पाहिलं तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते, खालचा तर अगदी हाडापर्यंत. जुन्या बंदुकीच्या जखमेचा तो परिणाम. त्यामुळे तिला नेहमीची शिकार मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असं त्याचं अनुमान. कॉर्बेटच्या हिशेबाने तिने नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसं मारली.

कुणीतरी कधीतरी एक बार काढला. नेम चुकला असेल, गोळी चुकीची असेल, छर्रे असतील, काय ते कधीच कळणार नाही. तो माणूस घरी गेला. बहुधा त्याच्या लेखी तो एक हुकलेला वाघ होता. आणि त्याची किंमत गवत कापायला गेलेल्या बायांनी मोजली. बेलच्या पुस्तकात ही माणसं नाहीत, पीझच्या पुस्तकात त्यांची गरज पडत नाही. कॉर्बेटच्या पुस्तकात ती प्रत्येक पानावर आहेत, नावागावासकट. म्हणून दारूगोळ्याच्या निवडीवरचं या सगळ्यांतलं खरं पुस्तक कॉर्बेटचं आहे, जरी त्यात त्या विषयावर वेगळं प्रकरण नसलं तरी.

हे मनात ठेवून आपल्याकडच्या संस्थानी शिकारीकडे पाहिलं की त्या ‘तोफां’ची टिंगल जरा थबकते. हाक्याच्या शिकारीत पाहुणा मचाणावर किंवा बुरुजात बसतो. हाकेकरी ढोल-डबे वाजवत पायी येतात. पाहुण्याने बार काढला आणि वाघ जखमी होऊन झुडपात शिरला, तर पाहुण्याला काहीच होत नाही. त्याला खाली उतरूही देत नाहीत. मागावर जातात शिकारखान्याची माणसं, आणि वाघ उलटा फिरला तर त्याच्या वाटेत हाकेकरी. असा पाहुणा बेल नसतो. कुणी लाटसाहेब, कुणी शेजारचा राजा, वर्षातून दोनदा रायफल हातात धरणारा. त्याच्या हाती जड, मोठ्या बोरची, जवळून मणका-खांदा मोडून जनावर जागेवर बसवणारी रायफल असणं हाकेकऱ्यांच्या दृष्टीने बरंच. तिचा धक्का पाहुण्याच्या खांद्याला बसायचा, आणि धक्क्याला भिऊन तो नेम चुकवायचा, हाही धोका होताच. यातलं काय निवडायचं हे यजमानाला ठरवावं लागे. ज्याचा जीव पणाला लागायचा त्याला कुणी विचारत नसे.

शिवाय निवड पूर्ण मोकळी कधीच नव्हती, आणि हे इंग्रजी पुस्तकांत कमी सापडतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोरच्या काडतुसांवर बंदी घातली, कारण चोरीला गेलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याचा माल लागू पडेल अशी भीती होती. त्या बंदीमुळे विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. लोक समजतात ही सगळी मापं शिकारीच्या शास्त्रातून आली. निम्मी कायद्यातून पळवाट म्हणून आली. .३०३ लष्कराचं माप म्हणून खासगी माणसाला मिळणं कठीण, म्हणून पुढे स्वतंत्र भारतात सरकारी कारखान्यांनी .३१५ची रायफल केली आणि गावोगावच्या परवान्यांवर तीच दिसू लागली. कुणी तराजूत घालून .३१५ निवडली नाही. मिळत होती ती घेतली.

आणि ऊन. वाघाची शिकार व्हायची एप्रिल-मेमध्ये, पाणी आटून जनावरं ठरावीक डोहांवर येतात तेव्हा. आपल्याकडचा मे काय असतो ते सांगायला नको. कॉर्डाइट तापलं की नळीतला दाब वाढतो, काडतुसाचं पितळ फुगून अडकतं, आणि दुसरा बार हवा असतो नेमक्या त्याच वेळी रायफल उघडत नाही. म्हणून उष्ण मुलखांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं निघत आणि मोठ्या दुनळ्यांची काडतुसं मुद्दाम ऐसपैस, कमी दाबाची ठेवलेली असत. त्या ‘तोफां’मागे एवढा व्यवहार होता. बेल भरवशाच्या काडतुसाबद्दल जे सांगतो आणि ही दुनळी ज्यासाठी बनली, ते मुळात एकच आहे. गप्पांत मात्र ते एकमेकांचे शत्रू करून ठेवलेत.

१९७२चा वन्यजीव कायदा आला आणि हा सगळा वाद आपल्यापुरता पुस्तकी झाला, ते उत्तमच झालं. पण पुस्तकी झाला म्हणून तो सैल वाचावा असं नाही. शिकारीच्या जुन्या नोंदींत वाघाची लांबी इंचापर्यंत मिळते, पाहुण्याचं नाव मिळतं, कधी फोटोही मिळतो. काडतूस सहसा मिळत नाही. ज्यांच्या घरी जुन्या सामानात काडतुसांचे रिकामे पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे डबे असतील, त्यांनी ते रद्दीत न देता आधी वरच्या चिठ्ठीचा स्वच्छ फोटो काढून मंडळाकडे पाठवावा. बोर, गोळीचं वजन, सॉलिड की सॉफ्ट-नोज, दारू किती, आणि विकणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल तर तो. भरलेली काडतुसं सापडली तर फोटोच्या नादाला लागू नये. ती आधी पोलिस ठाण्यात जमा करावीत.